व्याकरणावाचून अडलेला डाव



स्मृतिव्याख्यानमालेला शोभेल असा विषय म्हटला की समाजकारण, शेती, पाण्याचा प्रश्न असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आज बोलायचं आहे ते मुलांच्या खेळाविषयी आणि मराठीच्या व्याकरणाविषयी, तेही शाळेत नव्हे, घरात. हे दोन शब्द शेजारी आले की ऐकणाऱ्यांचे दोन गट पडतात. एका गटाला हायसं वाटतं, की चला, आता व्याकरण सोपं होणार. दुसऱ्याच्या कपाळाला आठी पडते, की खेळाचा उरलासुरला तासही अभ्यासाने गिळला. दोन्ही गटांशी माझं थोडं भांडण आहे. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणाला डुलकी लागली तरी नुकसान नको. खेळातून व्याकरण पक्कं होतं. पण कुठल्याही खेळातून नाही. ज्या खेळात शब्दाचं रूप चुकलं की डाव अडतो, त्याच खेळातून ते पक्कं होतं. जिथे रूप चुकूनही डाव सुरळीत चालतो, तिथे खेळ होतो, करमणूक होते, व्याकरण मात्र होत नाही.

बाजारात ‘शैक्षणिक खेळ’ म्हणून जे मिळतं ते या कसोटीवर घासून पाहा. सापशिडीसारखा पट असतो, फासे असतात, काही घरांवर प्रश्नचिन्ह असतं. त्या घरात सोंगटी गेली की एक पत्ता उचलायचा. त्यावर लिहिलेलं असतं, ‘खालील वाक्यातील विशेषण ओळखा’. उत्तर बरोबर आलं तर दोन घरं पुढे, चुकलं तर दोन घरं मागे. आता त्या पत्त्यांचा गठ्ठा काढून तिथे महाराष्ट्रातील नद्यांचा गठ्ठा ठेवा. खेळात काय बदललं? काहीच नाही. सोंगटी तशीच चालते, साप तसाच गिळतो. याचा अर्थ असा की व्याकरण त्या खेळाचा भाग कधी नव्हतंच. ते वाटेतला टोलनाका होतं: पैसे भरा, दांडा वर, गाडी पुढे. मुलाला हे मोठ्यांच्या आधी कळतं. त्याचं सगळं लक्ष शिडीकडे असतं आणि विशेषण म्हणजे शिडीच्या आड आलेली कटकट. अशा खेळाला मी खेळ म्हणणार नाही. ती परीक्षाच आहे, फक्त फासे टाकून घेतलेली.

मग खरा प्रश्न असा, की मुलाला घरी व्याकरणाचा सराव लागतो तो नेमका कशाचा? व्याख्या पाठ करण्याचा? अमेरिकेतल्या जीन बर्को या संशोधिकेने १९५८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार ते सात वर्षांच्या मुलांना तिने एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि त्याचं नाव सांगितलं ‘वग’. हा शब्द इंग्रजीत कुठेच नव्हता. तो तिने मुद्दाम बनवला होता. मग तसे दोन प्राणी दाखवले आणि वाक्य अर्धवट सोडलं. बहुतेक मुलांनी न शिकवता त्या शब्दाचं अनेकवचन केलं. जो शब्द कधी कानावर पडलाच नाही, त्याचं अनेकवचन पाठांतरातून येणं शक्य नाही. म्हणजे नियम मुलाच्या आतच काम करत होता. हाच खेळ मराठीत करून पाहायला कुठली प्रयोगशाळा लागत नाही. ‘हा एक टिंबा. आता इथे दोन...?’ म्हणून थांबा. मराठीत वाढलेलं मूल ‘टिंबे’ म्हणेल. ‘ही एक पिंबी. आता दोन...?’ तर ‘पिंब्या’. ‘आकारान्त पुल्लिंगी नामाचे अनेकवचन एकारान्त होते’ हे वाक्य त्याने ऐकलेलंही नसतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. या मोठ्या माणसांनी जे नियम मांडले, ते त्याआधी कित्येक शतकं शेंबडी पोरं अंगणात बिनचूक पाळत होती. ग्रंथांचं महत्त्व याने कमी होत नाही. सराव रूपांचा हवा की व्याख्यांचा, याचं उत्तर मात्र मिळतं.

आणि रूपांचा सराव आज का हवा, हे नेरुळमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली, गावांभोवती सेक्टर उभे राहिले, देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसं इथे आली. चांगलंच झालं. पण सोसायटीच्या आवारात खेळणाऱ्या मुलांची सामाईक भाषा हिंदी झाली, शाळेची इंग्रजी, आणि मराठी उरली जेवणाच्या टेबलापुरती. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं, तेव्हा घरी मराठी नसलेली मुलंही आता या विषयाला बसतात. यांच्या चुका पाहा. ‘ती पुस्तक’, कारण हिंदीत नपुंसकलिंग नाही आणि पुस्तक तिथे स्त्रीलिंगी. ‘डबामध्ये’, ‘पिशवीचे आतमध्ये’, कारण शब्दाचं सामान्यरूप करायची सवय नाही. ‘माझी मदत कर’, ‘मीने खाल्लं’. यातली एकही चूक व्याख्या न आल्याची नाही. ‘सामान्यरूप म्हणजे काय’ याचं उत्तर वहीत सुवाच्य लिहिणारं मूल त्याच संध्याकाळी ‘डबामध्ये लाडू आहे का’ विचारतं. त्याला नियम माहीत आहे, पण जिभेला माहीत नाही.

व्याख्या शिकवून लेखन सुधारतं का, हा प्रश्न इतर भाषांत बराच तपासला गेला आहे. न्यूझीलंडमध्ये एली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळेतल्या मुलांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं. काही वर्गांना औपचारिक व्याकरण शिकवलं, काहींना अजिबात नाही, त्याऐवजी वाचन-लेखन दिलं. १९७६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की मुलांच्या भाषेत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. पुढे २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांनी लेखन शिकवण्याच्या पद्धतींवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. सुटं व्याकरण शिकवण्याचा उपयोग दिसला नाही. छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करण्याच्या सरावाचा मात्र दिसला. हे अभ्यास इंग्रजीचे आहेत आणि ते जसेच्या तसे मराठीला लावणं घाईचं होईल, हे मला मान्य आहे. पण विचार करा, इंग्रजीत विशेषण नामाप्रमाणे बदलत नाही, नामाला लिंग नाही, शब्दयोगी अव्यय लागण्याआधी नामाचं रूप वाकत नाही. जिथे रूपं इतकी कमी, तिथेही वापरावाचून भागत नाही. मग तीन लिंगं, दोन वचनं आणि प्रत्ययाआधी वाकणारं नाम असलेल्या मराठीत नुसत्या व्याख्येवर कसं भागेल?

आपल्याकडे ही गोष्ट फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाची कथा ‘कथासरित्सागरा’त आहे. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी संस्कृतात म्हणाली, आता पाणी उडवणं पुरे. तिच्या ‘मोदकैः’मधला ‘मा उदकैः’ (पाण्याने नको) हा संधी राजाला सोडवता आला नाही. त्याने मोदक मागवले. राणी हसली, राजा खजील झाला, आणि व्याकरण शिकल्याशिवाय राहायचं नाही असं त्याने ठरवलं. दरबारातला पंडित गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं लागतील, शर्ववर्मा म्हणाला सहा महिन्यांत शिकवतो, आणि त्याने शिकवलं. कातंत्र व्याकरणाचा उगम परंपरा या कथेत सांगते. कथेचा इतिहास किती खरा ते सोडून द्या. तिच्यातली जाण खरी आहे. राजाला आयुष्यभर दरबारात व्याकरणावाचून काही अडलं नव्हतं. अडलं ते खेळात, कारण तिथे चुकीच्या संधीचा परिणाम तत्काळ दिसला: पाणी थांबायच्या जागी ताटभर मोदक आले.

आता असा खेळ घरात कसा घडवायचा? नेरुळच्या सारसोळे गावठाणात बोलते आहे, तेव्हा माशांच्या टोपलीपासून सुरुवात करू. खाडीकाठच्या गावाला हे सामान आयतंच मिळालेलं आहे, कारण एकाच टोपलीत तीनही लिंगं बसतात. जिताडा तो, बोंबील तो, चिंबोरी ती, कोळंबी ती, पापलेट ते. खेळ असा. आठ-दहा माशांची नावं सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायची. मग एकाने मनात एक मासा धरायचा आणि त्याच्याविषयी बोलायचं, नाव मात्र घ्यायचं नाही. बाकीच्यांनी ओळखायचं. तो म्हणाला, ‘काल बाजारातून ताजी आणली’. संपलं! जिताडा बाद, बोंबील बाद, पापलेट बाद. दोन शब्दांच्या शेवटच्या ईकाराने अर्धी टोपली रिकामी केली. आणि समजा मनात चिंबोरी आहे आणि तो चुकून ‘ताजा आणला’ म्हणाला, तर? बाकीचे जिताड्यावर, बोंबलावर तुटून पडतील, कुणालाच यायचं नाही, आणि शेवटी नाव फुटलं की आरडाओरडा होईल, ‘अरे, मग आणला का म्हणालास!’ ही दुरुस्ती आईने केलेली नाही, बाईंनी केलेली नाही. ती डावाने केली. कुणाच्याही लाल शाईपेक्षा ती पक्की बसते.

पण या खेळाची खरी गंमत तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर सुरू होते, आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे. मुलं लबाड असतात, ही शिक्षणशास्त्रातली फार आश्वासक गोष्ट आहे. बोलणाऱ्याच्या लक्षात येतं की ‘ताजा-ताजी-ताजं’ म्हटलं की आपण पकडले जातो. मग तो लपवायला शिकतो. तो म्हणतो ‘लाल’, तो म्हणतो ‘कडक’, ‘महाग’, ‘चविष्ट’. ही विशेषणं नामाप्रमाणे बदलत नाहीत. ‘मोठा’, ‘काळा’, ‘ताजा’ ही बदलतात. म्हणजे आकारान्त विशेषणं विकारी आणि बाकीची बहुतेक अविकारी, हा व्याकरणाच्या पुस्तकातला नियम त्याने स्वतःच्या फायद्यासाठी शोधून काढला. विशेषण लपलं, तरी क्रियापद चुगली करतंच: ‘आणला’, ‘आणली’, ‘आणलं’. मग त्याला दुसरी वाट सापडते. ‘मी आणला’ म्हणण्याऐवजी तो ‘मी आणतो’ म्हणतो, मुलगी असेल तर ‘मी आणते’. आता क्रियापद माशाकडे बघत नाही, आणणाऱ्याकडे बघतं. माशाचं लिंग गुपचूप झाकलं गेलं! सभागृहात मराठीचे शिक्षक असतील तर त्यांच्या लक्षात आलंच असेल: हे पोर कर्मणी प्रयोगातून कर्तरी प्रयोगात गेलं. दहावीपर्यंत घोकूनही ज्याचा गोंधळ मिटत नाही तो प्रयोगविचार नऊ वर्षांच्या मुलाने टोपलीतला मासा लपवण्यासाठी वापरला. मोठी मुलं याच्या पुढे जातात. ऐकणारी मागणी करतात, ‘नाही, कालचं सांग!’ म्हणजे भूतकाळ वापरायला भाग पाडायचं, की क्रियापदाला कर्माशी जुळवून घ्यावंच लागेल. कोणत्या काळात काय उघडं पडतं हे दोन्ही बाजूंना कळलेलं असतं. नावं कुणालाच माहीत नसतात, आणि त्याने काही बिघडत नाही. पुढे शाळेत ‘कर्मणी प्रयोग’ हा शब्द फळ्यावर येईल तेव्हा तो शब्द कशाला चिकटवायचा ती वस्तू मुलाच्या हातात असेल. आज आपण उलटं करतो. लेबल आधी देतो आणि वस्तू कधीच देत नाही.

सामान्यरूपासाठी लपवाछपवी आहेच. माणसांची नव्हे, वस्तूची. किल्ली लपवा आणि शोधणाऱ्याला जागेवरून उठू देऊ नका. त्याने फक्त विचारायचं. ‘डब्यात?’ ‘उशीखाली?’ ‘दारामागे?’ ‘भिंतीवर?’ ‘पाण्याच्या टाकीमागे?’ जवळजवळ प्रत्येक प्रश्नात एक नाम वाकवावं लागतं. नियम एकच ठेवायचा: ‘डबामागे’ म्हटलं तर उत्तर मिळेल, ‘अशी जागा या घरात नाही’. रागावणं नाही, समजावणं नाही, जागाच नाही. मूल दुसरं रूप करून पाहतं, कारण त्याला किल्ली हवी असते. इथे मोठ्यांचीही थोडी फजिती होते, ती होऊ द्यावी. टेबलवर की टेबलावर? सोफ्याखाली की सोफाखाली? परक्या शब्दांच्या बाबतीत आपली भाषा अजून ठरवते आहे, आणि ते ठरवण्यात मुलांना भाग घेऊ द्यायला हरकत नाही. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांच्यासाठी ‘शिवाजी म्हणतो’ हा सगळ्यांना माहीत असलेला खेळ पुरतो: ‘आपण बसू या’ म्हटलं तर सगळ्यांनी बसायचं, ‘आम्ही बसतो’ म्हटलं तर फक्त सांगणाऱ्याच्या गटाने. इंग्रजीत आणि हिंदीत हा भेद असा बांधलेला नाही, म्हणून त्या भाषांत वावरणाऱ्या मुलांच्या हातून तो निसटतो. खेळात बाद व्हायची वेळ आली की निसटत नाही.

हे सगळं नवं आहे असं कुणी समजू नये. भोंडल्याची गाणी संपली की खिरापत ओळखायची असते. गोड की तिखट, ओली की कोरडी, तळलेली की भाजलेली, असे प्रश्न विचारत विचारत झाकलेल्या डब्यापर्यंत पोचायचं. तो विशेषणांचा खेळच आहे. कोड्यांचंही तसंच. ‘फळ्यावर झिजतो’ म्हटलं की खडू, ‘पाटीवर झिजते’ म्हटलं की पेन्सिल; मराठी कोडं क्रियापदातून अर्धं उत्तर देऊन मोकळं होतं. मारिया माँटेसरी १९३९ ते १९४६ या काळात भारतात होत्या. त्यांच्या पद्धतीत विशेषणांचा एक खेळ आहे. पेटीत वेगवेगळ्या रंगांचे, आकारांचे त्रिकोण असतात आणि एकेक विशेषण वाढवत मूल नेमक्या एका त्रिकोणापर्यंत पोचतं. विशेषण कमी पडलं तर त्रिकोण सापडत नाही. तत्त्व तेच, खिरापतीचं. फरक इतकाच, की ती पेटी महाग. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच ओळखलं आणि विकतच्या साधनांऐवजी परिसरातले दगड, बिया, पानं, शिंपले मुलांच्या हाती दिले. शिंपले तर आपल्याकडे जेटीवर जाऊन मिळतील.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो खराच आहे. हार्बरच्या गाडीने सकाळी गेलेली आई आठ वाजता घरी येते. तिने मग शिंपले मांडायचे का? मुळीच नाही. वर सांगितलेल्या एकाही खेळाला पट लागत नाही, फासे लागत नाहीत, वेगळी वेळ लागत नाही. वाटाणे सोलताना, रांगेत, गाडीत, अंथरुणावर पडल्या पडल्या होतील असेच ते आहेत. कोडी पूर्वी अशीच कामाच्या हाताने घातली जात. ज्या खेळासाठी आईबापाला वेळापत्रक करावं लागतं तो तिसऱ्या दिवशी बंद पडतो, त्यात आईबापाचा दोष नसतो.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कुणाचं व्याकरण? आगरी-कोळी घरात आजी ‘मला’ न म्हणता ‘मना’ म्हणते, ‘पाणी’ न म्हणता ‘पानी’ म्हणते. खेळात तिचं रूप चूक धरायचं का? धरलंत, तर खेळातून आजी जाईल आणि आजीबरोबर भाषाही. शांतपणे पाहिलं तर अडचण वाटते तेवढी नाही. आगरीत ‘घरान’ म्हणतात, प्रमाण मराठीत ‘घरात’. प्रत्यय वेगळा आहे. पण प्रत्ययाआधी ‘घर’चं ‘घरा’ दोन्हीकडे झालंच. वाकण्याचा नियम एकच आहे. किल्लीच्या खेळात ‘घरान’ म्हणणाऱ्याला किल्ली मिळाली पाहिजे, ‘घरमध्ये’ म्हणणाऱ्याला पुन्हा विचारावं लागलं पाहिजे. उलट दोन्ही बोलणारी माणसं एका डावात असतील तर मुलाला फुकटात एक मोठी गोष्ट मिळते: एकच काम दोन रूपांनी होतं, आणि कुठे कुठलं रूप चालतं. फलटणला ज्यांनी मुलांच्या शिक्षणाचं काम उभं केलं त्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांचा पीएच.डी.चा अभ्यासच फलटणमधल्या बोलण्यातल्या विविधतेवर होता. बोलीतले भेद हे अज्ञान नसून व्यवस्था आहे, हे भाषाशास्त्राचं अगदी प्राथमिक म्हणणं आहे. लग्नात धवले, म्हणजे लग्नगीतं, म्हणणारी धवलारीण काही व्याकरणाविना गात नाही. शाळेच्या कागदावर प्रमाण रूप लिहावं लागेल, तेही शिकावं. पण आजीला चूक ठरवून नव्हे.

तिसरा आक्षेप परीक्षेचा. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत भाषाभ्यासाला १६ गुण आहेत. समास, शब्दसिद्धी, विरामचिन्हं, लेखननियम हे सगळं त्यात येतं. टोपलीतल्या माशांनी ते गुण मिळतील का? समासाचे मिळणार नाहीत. तत्पुरुष आणि द्वंद्व यांची नावं बसून शिकावी लागतील आणि त्यासाठी आठवी-नववीत सरळ पुस्तक उघडावं. त्यावर खेळाचा मुलामा देऊ नये. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ मध्ये शासनमान्य झालेले १४ नियम आणि १९७२ मध्ये वाढलेले ४, असे एकूण १८ नियम आहेत. ‘मूल’ दीर्घ आणि ‘मुलाला’ ऱ्हस्व हे कानाला नीट कळत नाही, डोळ्याला कळतं, तेव्हा ते वाचून आणि लिहूनच येणार. खेळाची मर्यादा इथे आहे आणि ती झाकून ठेवण्यात काही हशील नाही. पण त्याच कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत, आणि तिथे पत्र लिहिताना, बातमी लिहिताना जिभेवरची रूपंच कागदावर उतरतात. तिथे ‘तो बातमी’ लिहिणाऱ्याला समासाची नावं वाचवत नाहीत.

बक्षिसाचं काय, असंही विचारलं जातं. जिंकणाऱ्याला चॉकलेट ठेवलं तर मुलं जास्त खेळतील ना? त्या दिवशी खेळतील. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढण्याची हौस असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना आधी सांगून प्रशस्तिपत्रक दिलं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रं काढण्याकडे कमी वळली. खेळाला बाहेरून मोबदला जोडला की खेळ काम होतो. डाव जिंकणं हेच बक्षीस पुरे. तसं नसेल तर खेळच कंटाळवाणा आहे, तो बदला.

मोबाइलवरची अॅप्स? ती वाईट नाहीत, पण बहुतेक ठिकाणी चार पर्याय देतात आणि एकावर बोट ठेवायला सांगतात. बरोबर रूप ओळखणं वेगळं आणि बोलता बोलता ते तोंडून निघणं वेगळं. शिवाय अॅपचा गैरसमज कधीच होत नाही. ते ‘चूक’ म्हणतं आणि पुढे जातं. माणसाचा गैरसमज होतो, तो भलताच मासा समजतो, हसतो, भांडतो. रूपाला अर्थ असतो हे मुलाला तिथेच कळतं. आणि शेजारचं कुटुंब तमिळ किंवा गुजराती असेल, त्यांच्या मुलीला शाळेत मराठी असेल, तर तिला डावात घ्या. तिच्या चुकांनी डाव अडेल, पुन्हा सुरू होईल. आपल्या मुलांना तिला समजावून सांगावं लागेल की ‘ताजं’ का आणि ‘ताजी’ का नाही, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात येईल की आपल्याला हे येत होतं, सांगता मात्र येत नव्हतं.

जाता जाता एक विनंती, आणि ती मुलांना नाही, मोठ्यांना आहे. खेळताना शिकवू नका. ‘बघ, हे विशेषण झालं’ असं डावाच्या मध्ये म्हणायचा मोह अनावर होतो, शिक्षक पालकांना तर फारच, तो आवरा. मुलाचं रूप चुकलं तर चुकीप्रमाणेच वागा: भलता मासा समजा, भलत्या जागी किल्ली शोधा. तुमची मराठी कच्ची असेल तरी बसा, तुमच्या चुका मुलांना पकडू द्या. मे महिन्याच्या सुट्टीत गावठाणातल्या आज्यांनी सेक्टरांतल्या मुलांना आपल्या ओट्यावर बोलवावं आणि सेक्टरांतल्या आईबापांनी त्यांना तिथे पाठवावं. वह्या-पेन्सिली बरोबर देऊ नका. सामान्यरूप हा शब्द तर अजिबात उच्चारू नका. दहावीला वेळ आहे.